काशीरामची जीभ

रत्नागिरीत साळवी स्टॉपच्या अलीकडे, चढाच्या तोंडाशी एक वाइन शॉप आहे. पाटीवर मालकाच्या आजोबांचं नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. "काशीकाकाकडून घेऊन ये," असंच सगळे म्हणतात. काशीराम मोहिते हा तिथला नोकर. बुटका, केसांना चापून तेल, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. या माणसाच्या शब्दावर डॉक्टर, वकील आणि गणपतीपुळ्याहून परतणारे मुंबईकर आपला खिसा मोकळा करतात, हे त्याच्याकडे पाहून कुणाला खरं वाटणार नाही.

"काका, ही नवीन आलीय ती कशी आहे?" गिऱ्हाईक विचारी.

काशीराम बाटली हातात घेई, उजेडाकडे धरी, लेबलावरून अंगठा फिरवी आणि जरा थांबून खालच्या आवाजात म्हणे, "साहेब, पहिला घोट गोड लागेल, पण सकाळी डोकं धरील. आज जेवणात मासळी आहे ना? मग ही न्या." साहेब ती नेत आणि पुढच्या खेपेला येऊन सांगत, "काका, मानलं तुमच्या जिभेला."

खरी गोष्ट अशी की काशीरामच्या जिभेला जन्मात दारूचा थेंब लागलेला नव्हता.

चोरून नाही, लग्नाकार्यात नाही, सर्दीपडशाला औषध म्हणूनसुद्धा नाही. त्याचा थोरला भाऊ बाबल्या मुंबईला गोदीत होता, तो पिऊन पिऊन गेला. त्याचे दिवस झाल्यावर आईने काशीरामला विहारात नेलं आणि भन्तेजींसमोर बसवलं. पंचशील त्याला लहानपणापासून पाठ होतं. पण त्या दिवशी पाचवं शील म्हणताना, दारूपासून दूर राहीन हे म्हणताना, आईने त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. म्हणून झाल्यावरसुद्धा तिने ते बराच वेळ सोडलं नाही.

पुढे कामधंदा शोधत काशीराम शहरात आला आणि चिकटला कुठे, तर वाइन शॉपमध्ये, खोके उतरवायला. थोरल्या शेठनी, म्हणजे आताच्या मालकाच्या वडिलांनी, त्याला पहिला प्रश्न केला, "पितोस का रे?" काशीराम नाही म्हणाला तसा शेठचा चेहरा खुलला. आधीचे दोन नोकर दुकानातला माल दुकानातच संपवून गेले होते.

त्याला काउंटरवर उभा केला तोही थोरल्या शेठनीच. "गिऱ्हाईक विचारतं ना, तेव्हा त्याला चव नको असते," ते म्हणत. "कुणीतरी मान डोलवायला हवं असतं. तू सांग बिनधास्त." काशीराम नुसता बिनधास्त सांगत बसला नाही. तो बघत राहिला. कोण कुठली बाटली नेतो, पुन्हा आल्यावर तीच मागतो की दुसरी, मागताना तोंड कसं करतो. मास्तर जे म्हणाले ते त्याने इंजिनिअरला सांगितलं, इंजिनिअर म्हणाला ते बँकेतल्या साहेबांना. असं करत सगळ्या रत्नागिरीची चव त्याने गोळा केली आणि आपली म्हणून विकली. खोटं म्हणावं तर यात कुणाचं नुकसान झालं नव्हतं, आणि तोही ते खोटं मानत नव्हता.

थोरले शेठ वारले आणि मुलगा ऋत्विक गादीवर बसला. पुण्यात शिकलेला, कोरीव दाढीचा, आल्या आल्या दुकानात एसी लावणारा. पोरगा मनाने चांगला, पण वडील त्याला ही एक गोष्ट काही सांगून गेले नव्हते. दुकान, गोडाऊन आणि काशीकाकांची जीभ हे सगळं आपल्याला वारशात मिळालं असं त्याला वाटे. काशीरामने त्याचा गैरसमज दूर करायला हवा होता. पण मालकासमोर उभं राहून "शेठ, मी कधी चाखलीच नाही," म्हणायचं कसं? आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्षं गेली.

घर होतं कुवारबावच्या पुढे, सड्यावरच्या बौद्धवाडीत. तिथे तो काशीआबा. रविवारी सकाळी विहारात पोरं जमवायची, वंदना घ्यायची, पंचशील म्हणवून घ्यायचं, चुकलं तर पुन्हा म्हणायला लावायचं हे काम त्याच्याकडे. आबा वाइन शॉपमध्ये आहेत हे वाडीला ठाऊक होतं, पण आबा शिवत नाहीत हेही ठाऊक होतं आणि त्याचंच कौतुक जास्त होतं. वाडीतले जे घेत, ते आबांची लाज धरून पार मिरकरवाड्याच्या बाजूला जात. त्यामुळे काउंटरमागचा काशीकाका वाडीने कधी बघितला नाही आणि विहारातला काशीआबा शहराने. दोन्हीकडे मान होता, आणि दोन्ही मान एकमेकांच्या वाटेला जात नव्हते.

"इकणं येगळं नि पिणं येगळं," असं तो बायकोला म्हणे.

"आनि सांगणं?" शालन तव्यावरची भाकरी उलटत विचारी.

तिला सगळं ठाऊक होतं. त्या प्रश्नावर काशीरामला नेमकी जेवायची घाई होई.

एका मंगळवारी दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली आणि एक मुलगी पुठ्ठ्याचा खोका छातीशी धरून आत आली. काशीरामने मान वर केली आणि त्याला पुढे व्हावं की गोडाऊनमध्ये सटकावं ते कळेना. रेणुका अंगणवाडीवालीची श्रुती. विहारात कायम पहिल्या रांगेत बसायची, पाचही शीलं न अडखळता म्हणायची. आता पुण्याला कुठल्याशा खाण्यापिण्याच्या कंपनीत नोकरीला होती.

श्रुतीचाही चेहरा उतरला. "आबा! तुमची मंगळवारी सुट्टी असते ना?"

"आता बुधवारची केलीय," काशीराम म्हणाला.

म्हणजे पोरगी दिवस बघून आली होती. कंपनीच्या खाण्यापिण्यात खाणं काहीच नव्हतं, हे खोक्यातून बाटल्या निघाल्यावर समजलं. जाड काचेच्या, बुचाला तार बांधलेल्या.

ऋत्विक आतल्या केबिनमधून बाहेर आला. फोनवर त्यांचं बोलणं झालेलं होतं. श्रुती आधी चाचरत आणि मग भराभरा सांगू लागली. पुण्याजवळ एक छोटा बियरचा कारखाना आहे, तिथे ती माल आंबवण्याचं काम बघते. ही बियर तिने स्वतः केलेली. आपल्याकडचे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, घालून दोन वर्षं लाकडी पिंपांत मुरवलेली. आंबट.

"आंबट म्हणजे थोडी आंबट?" ऋत्विकने विचारलं.

"चांगली आंबट. अशीच असते ती. परदेशात पिढ्यान् पिढ्या करतात."

ऋत्विकने भाव विचारला. तिने सांगितला. एका बाटलीच्या पैशात साध्या बियरचा अख्खा क्रेट आला असता. ऋत्विकने बाटली जपून खाली ठेवली.

"दोन वर्षं पिंप अडकून पडतं ना, म्हणून," श्रुती म्हणाली. "पुण्यात लोकांना रातांबा म्हणजे काय तेच ठाऊक नाही. मालक म्हणतात, कुणी हे घेत असेल तर पिंपं ठेवू, नाहीतर रिकामी करा, दुसऱ्या मालाला लागतात. मी म्हटलं, माझ्या गावात विचारून येते. मला आज सांगायचंय त्यांना."

"हे बघा, मला यातलं काही कळत नाही," ऋत्विक मोकळेपणाने म्हणाला. "आमच्याकडे एकच जीभ आहे, काशीकाकांची. सगळी रत्नागिरी त्यांच्या जिभेवर पिते. काका चाखतील. हो म्हणाले तर हा सगळा माल माझा आणि पुढचाही माझा. नको म्हणाले तर मात्र राग मानू नका."

श्रुतीने काशीरामकडे बघितलं. "पण आबा तर—" एवढं म्हणाली आणि थांबली. एसी चालू असून काशीरामच्या बगला ओल्या झाल्या.

मागच्या खोलीत बेसिनजवळ टेबल होतं. श्रुतीने तार सोडवली, बूच निघालं, आणि काचेच्या ग्लासात तिने दोन बोटं बियर ओतली. लालसर रंग, वर गुलाबी फेस. तिने ग्लास काशीरामसमोर ठेवला, पण त्यावरचा हात लगेच काढला नाही. काशीरामला वाटलं, हिला सगळं समजलंय.

ग्लास उचलेपर्यंत त्याच्या मनात काय काय येऊन गेलं. प्यायलो तर आईला दिलेला शब्द गेला, तोही या पोरीच्या डोळ्यांदेखत, जिला आपणच पाचवं शील पाठ करून घेतलं. नाही प्यायलो आणि तसं बोललो, तर इतकी वर्षं काय केलं ते ऋत्विकशेठना सांगावं लागणार. एकीकडे विहार, एकीकडे दुकान. काशीरामने दोन्ही वाचवलं. त्याने ग्लास ओठांना लावला, ओठ घट्ट मिटून घेतले, गळ्याची घाटी वरखाली केली, आणि तोंड पुसायच्या निमित्ताने रुमालाने ओठ कोरडे केले.

वास मात्र आला. तो काही अडवता येत नाही. आंबट, ओल्या गोणपाटाचा, जुन्या बरणीत राहिलेल्या कोकमाच्या आगळाचा. आणि काशीरामला दुकानात एक गोष्ट पक्की ठाऊक होती. उन्हात राहून आंबलेली बियर गिऱ्हाईक परत आणतं, शिव्या घालतं, आणि ती कंपनीला परत करावी लागते. बियरला आंबट वास आला की ती गेली. यापलीकडे त्याला बियरचं ज्ञान नव्हतं.

"बिघडलीय," तो म्हणाला आणि उरलेला ग्लास घाईघाईने बेसिनमध्ये ओतला.

"बिघडलीय?" श्रुतीचा आवाज अगदी बारीक झाला. "आबा, आंबट तर ती असणारच. पण बिघडलेली... नक्की?"

आता खोटं बोलणाऱ्या माणसाला जसा राग येतो तसा काशीरामला आला. "मी काय आज काउंटरला उभा राहिलोय गो? आंबली ती आंबली. ह्या पैशात ही कोण घेनार? शेठचं नाव खराब हुईल."

एवढं बोलायची गरज नव्हती. पण त्याच्या पोटात आणखी एक गोष्ट होती, ती त्याने स्वतःलासुद्धा पुढे कितीतरी दिवसांनी सांगितली. पहिल्या रांगेतली पोर दारू गाळते, हे त्याला सहन झालं नव्हतं. तिला शिकवणारा मी, आणि मीच तिची दारू चांगली आहे म्हणून सांगू? स्वतः आयुष्यभर बाटल्या विकून घर चालवणाऱ्या माणसाने त्या पोरीला मनातल्या मनात नावं ठेवली.

श्रुतीने बेसिनकडे बघितलं, मग त्याच्या ओठांकडे, मग खाली मान घालून बाटल्या खोक्यात भरल्या. ऋत्विकने खाली ठेवलेली ती एक सीलबंद बाटली मात्र तिने काउंटरवरून उचलली नाही. "राहू दे, तुम्हाला त्रास दिला," म्हणाली. जाताना काशीरामला तिने हात जोडले. "जयभीम, आबा."

तिने ओठांकडे बघितलं, हेच काशीरामच्या डोक्यातून जाईना. ओठ कोरडे होते. तिने ओळखलं. ओळखूनसुद्धा मालकासमोर बोलली नाही, आपला माल बुडू दिला आणि म्हाताऱ्याची अब्रू राखली. हे त्याच्या मनाने धरलं आणि मग दुसरं काही सुचेचना. बसमधून उतरल्यावर रेणुकाच्या घरावरून जवळची वाट होती, ती त्याने सोडली आणि शाळेमागून लांबचा वळसा घेऊन घरी जाऊ लागला. कुणी विचारलं तर म्हणे, डॉक्टरने चालायला सांगितलंय.

दुकानातही त्याचं मन लागेना. गिऱ्हाइकाने बाटली दाखवली की तो म्हणे, "बघा, तुम्हाला आवडेल ती न्या." गिऱ्हाईक गोंधळून जाई. एका वकिलाने तर विचारलं, "काका, रागावलाय का आमच्यावर?"

रविवारी विहारात पोरं बसली. पहिलं शील झालं, दुसरं झालं. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, काशीरामचा आवाज खरखरला. इतकी वर्षं तो पाचव्यालाच जपत आला होता, चौथ्याकडे त्याचं कधी लक्षच गेलं नव्हतं. दुकानात तो रोज चौथं मोडत होता आणि घरी येऊन पाचवं शाबूत आहे म्हणून छाती काढून चालत होता. पोरं त्याच्या तोंडाकडे बघत थांबली. "तुमीच म्हना आता," तो म्हणाला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

घरी शालनने ताट वाढलं. "रेणुकाची पोर अजून गेली नाय पुन्याला," ती म्हणाली. "घरातच बसून हाय. धड जेवत नाय म्हनं. काय झालाय कुनाला ठाव."

काशीराम घास घेऊन तसाच राहिला.

"तुमाला काय झाला?"

त्याने सगळं सांगितलं. शालनने मध्येच तोडलं नाही. सांगून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "नि ती आजून तुमाला आबा म्हनते." मग उठून चुलीपाशी गेली आणि त्या दिवशी त्याच्याशी पुन्हा बोलली नाही.

आठवडा उलटला आणि एका सकाळी ऋत्विक हसत दुकानात आला. गोव्याहून त्याचा मित्र आला होता, हॉटेलवाला, जगभर फिरलेला. ती सीलबंद बाटली त्याने फोडली आणि पहिल्याच घोटाला उठून उभा राहिला म्हणे.

"काका, त्याने तर माझी अक्कलच काढली. म्हणतो, अशी बियर आपल्या देशात कोण करतंय? आंबट हीच तिची चव, त्याचाच तर भाव आहे. सांगितली ती किंमत स्वस्त आहे म्हणाला. त्याला हवीय, मलाही हवीय. त्या दिवशी तुम्हाला झालं काय होतं?"

सांगायची हीच वेळ होती. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, मालक खुशीत होता, एक वाक्य बोललं की सुटला असता. काशीरामने तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "वय झालं, शेठ. जिभेला पयल्यासारखं कळत नाय."

"असू द्या हो, चालायचंच," ऋत्विक म्हणाला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुमच्याच वाडीतली आहे ना ती? आज लवकर निघा आणि तिला सांगा, सगळा माल आपला."

थाप प्रेमाची होती, पण काशीरामला ती पाठीत बसल्यासारखी वाटली. निदान चांगली बातमी घेऊन जातोय, असं तो बसमध्ये स्वतःला सांगत होता. पोरीचं काम होतंय. तिने ओठ बघितले, पण गप्प राहिली. आपणही गप्प राहावं, माल घ्यावा, सगळं जिथल्या तिथे बसेल. त्या दिवशी त्याने लांबचा वळसा घेतला नाही.

रेणुका अंगणवाडीत गेली होती. श्रुती पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. त्याला बघून ती गडबडीने उठली, जयभीम घातला, खुर्ची पुढे केली. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"शेठनी निरोप दिलाय," काशीराम उभ्या उभ्याच म्हणाला. "तुझा सगळा माल हवाय. जेवडा आसल तेवडा पाठव."

"कुठला माल, आबा?"

"तोच गो. रातांब्याचा."

"तो आता नाहीये." तिने सूप बाजूला ठेवलं. "तुमच्या दुकानातून निघाले आणि रस्त्यातूनच मालकांना फोन केला. म्हटलं, ओता. पिंपं धुऊन घेतली त्यांनी. खोक्यातल्या बाटल्यासुद्धा मी इथेच मागच्या दगडी गडग्याशी ओतल्या."

काशीराम खुर्चीवर बसला. "माझ्या सांगण्यावरनं?"

"मग कुणाच्या?" श्रुती खाली पायरीवर बसली. "दोन वर्षं चाखून चाखून माझी जीभच मेली होती, आबा. आंबट कुठे संपतं आणि बिघडलेलं कुठे सुरू होतं ते मला कळेनासं झालं होतं. मालकांना आवड नाही, बाकीचे हसायचे. मला कुणीतरी खरं सांगणारं हवं होतं. आणि तुमची जीभ कोरी. शेठ तुमच्या जिभेचं म्हणाले ते मला नुसतं विकण्यापुरतं बोलणं वाटलं. तुम्ही जन्मात थेंब घेतला नाही, तुम्हाला दारू आवडून घ्यायची नाही की नावडून टाकायची नाही. तुम्ही बिघडलीय म्हणालात तेव्हा मला वाटलं, संपलं, हेच खरं."

काशीराम तिच्याकडे बघतच राहिला. हिने ओळखलं नव्हतं. हिला कसलाही संशय आला नव्हता. इतके दिवस तो तिच्या समजूतदारपणाला घाबरून वळसे घेत होता, आणि पोरीने त्याच्यावर आंधळा विश्वास टाकला होता.

"मलाच तुमच्याकडे यायचं होतं," ती म्हणाली. "दोनदा तुमच्या दारापर्यंत येऊन मागे फिरले. माफी मागायची होती. माझ्यापायी तुमचं शील मोडलं. तुमच्या आईने तुमचं मनगट धरलं होतं ते तुम्हीच सांगायचात आम्हाला विहारात. तुम्ही ग्लास उचललात तेव्हा नको म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण आबा माझ्यासाठी एवढं करतायत, आता मध्ये बोलू नये, असं वाटलं. नंतर तुमचे ओठ बघितले आणि मान वर होईना माझी. ह्या माणसाने माझ्यासाठी आयुष्याचा नेम मोडला आणि मी त्यांना काय पाजलं, तर बिघडलेलं. झोप लागत नाही मला."

आता नुसतं गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. तिने त्याला एक मोठेपणा आयता देऊन टाकला होता. नेम मोडणारा, पण पोरीसाठी मोडणारा काशीआबा. मान हलवली की झालं, हाही मान पदरात पडला असता. काशीरामला तो मोह झाला. त्या मोहाचीच त्याला एवढी किळस आली की शब्द आपोआप बाहेर पडले.

"श्रुती, मी प्यालोच नाय गो."

"काय?"

"वटाला लावली नुसती. तोंड मिटलेलं होतं. गिळल्याचं ढोंग केलं. दुकानात कुनाला ठाव नाय मी घेत नाय ते. जन्मभर तसाच सांगत आलोय मी. त्या दिवशीपन."

आणि श्रुतीचा चेहरा उजळला. "खरंच? थेंबसुद्धा नाही?" तिने डोळे पुसले आणि ती चक्क हसली. "म्हणजे तुमचं काही मोडलं नाही! बाई गं, आबा, केवढं ओझं होतं माझ्या—"

वाक्य तिथेच थांबलं. हसू अजून तोंडावर होतं, पण ते हळूहळू विझत गेलं. काशीरामला दुसरीकडे बघायचं होतं, पण त्याने बघितलं नाही.

"मग बिघडलीय हे कशावरून म्हणालात?"

"वासावरनं."

अंगणात कोंबड्या सुपातून सांडलेले दाणे टिपत होत्या, त्यांना तिने हाकललंही नाही. काशीराम वाट बघत होता. तिने ओरडावं, दोन वर्षांचा हिशोब मागावा, ऊठ माझ्या दारातून म्हणावं. त्याने मनातल्या मनात पाठ पुढे केली होती.

"मी आता जातो नि शेठना सगळं सांगतो," शेवटी तोच म्हणाला. "मी कदी चाखली नाय ते. तुझा माल चांगला होता ते."

श्रुतीने मान वर केली. डोळे लाल होते, पण आवाज पोरांना समजावतात तसा होता.

"नको, आबा. या वयात नोकरी जाईल तुमची. आणि वाडीत कळलं तर रविवारी पोरं तुमच्यासमोर कशी बसतील?" तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "शेठना सांगा, माल संपला. मीही तेच सांगेन."

म्हणजे आता त्याच्यासाठी तीही खोटं बोलणार होती. विहारात पहिल्या रांगेत बसणारी पोर. काशीराम मोहित्यांना आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.